रस्ता एक, धनी तीन: गतिरोधक, पार्किंग आणि बसथांब्याच्या अर्जाचं पुढे काय होतं

"विषय : शाळेसमोरील रस्त्यावर गतिरोधक बसविणेबाबत." ही ओळ मी स्वतः लिहिली आहे. खाली चाळीसेक सह्या होत्या, सोसायटीचा शिक्का होता, आणि अर्जाच्या प्रतीवर क्षेत्रीय कार्यालयाची 'पोच' घेतली होती. गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या आमच्या भागासाठी मी असे तीन अर्ज केले. बसथांब्याच्या अर्जाचं काम झालं. गल्लीतल्या पार्किंगचा अर्ज बराच काळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. गतिरोधकाच्या अर्जाला नकार आला. त्या दिवशी मला त्या नकाराचा फार राग आला होता. आज मला वाटतं की नकार देणारा अभियंता बरोबर होता आणि आमचा अर्जच चुकीचा होता.

हे तिन्ही अर्ज करताना जे कळलं ते इथे सांगतो, कारण रस्त्याबद्दलची आपली बहुतेक चिडचिड एका साध्या गोष्टीतून येते. आपल्याला वाटतं रस्ता महापालिकेचा आहे. कागदावर तो एकाच वेळी तिघांचा असतो.

रस्त्याचं अंग महापालिकेचं. डांबर, काँक्रीट, पदपथ, दुभाजक, गतिरोधक, झेब्रा पट्टे, दिवे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे ही महापालिकेची जबाबदारी आहे. मुंबईला वेगळा, १८८८ चा कायदा लागू आहे. पण त्या रस्त्यावर वाहनांनी कसं वागायचं, कुठून जायचं, कुठे थांबायचं, हे महापालिका एकटी ठरवत नाही. तो अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधून येतो. कलम ११५ वाहतुकीवर निर्बंध घालण्याचं, ११६ वाहतूक चिन्हं उभारण्याचं, ११७ वाहनतळ आणि थांबे ठरवण्याचं. त्याला जोड महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ ची. पुण्यात हे अधिकार वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त वापरतात. म्हणजे 'नो पार्किंग'चा खांब बहुधा महापालिकेच्या खर्चाने उभा राहतो, पण त्या पाटीला कायद्याचं बळ पोलिसांच्या आदेशाने मिळतं. आदेश नसेल तर पाटी म्हणजे नुसता रंगवलेला पत्रा. सोसायट्या आपल्या फाटकावर स्वतःच्या खर्चाने ज्या पाट्या लावतात, त्या याच जातीच्या.

तिसरा धनी बसचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तो पीएमपीएमएल. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये ही कंपनी झाली. दोन्ही महापालिका तिच्या भागधारक आहेत, पुण्याचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. पण कंपनी वेगळी, तिचे अधिकारी वेगळे, तिच्या फायली वेगळ्या. मुंबईत असं नाही. तिथे बेस्ट हा १९४७ पासून महापालिकेचाच उपक्रम आहे. नाशिकमध्ये महापालिकेने जुलै २०२१ पासून सिटीलिंक ही बससेवा चालू केली. म्हणजे बसथांब्याचा अर्ज कुणाच्या नावे करायचा, याचं उत्तर गावागणिक बदलतं.

त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: हा रस्ता मुळात महापालिकेचा आहे का? कात्रज-देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. शहरातून जाणारे काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे असतात. पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कटक मंडळं, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डं, आहेत, त्यांच्या हद्दीत महापालिकेचा संबंध नाही. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. आणि खूप ठिकाणी, विशेषतः नव्याने वसलेल्या उपनगरांत, जो रस्ता आपण रोज वापरतो तो विकास आराखड्यात आखलेला असतो, पण महापालिकेच्या ताब्यात आलेलाच नसतो. ही शेवटची गोष्ट मला फार उशिरा कळली. तिच्याकडे नंतर येतो.

अर्ज खिडकीवर दिला की त्याला आवक क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा. तिथून तो कनिष्ठ अभियंत्याकडे जातो. पुण्यात साधारण बारा मीटर आणि त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभाग बघतो, त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालय बघतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अर्ज इकडून तिकडे गेला तर तो टोलवाटोलवीचा प्रकार असेलच असं नाही. मग स्थळ पाहणी. वाहनांच्या वागण्याशी संबंध असेल तर वाहतूक शाखेचा अभिप्राय. अभिप्राय अनुकूल आला तर पूर्वगणकपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज. त्या खर्चाला तरतूद आहे का? असेल तर चालू ठेकेदाराकडून करून घेता येईल की निविदा काढावी लागेल?

या सगळ्या साखळीत आपल्याला भेटणारा माणूस कनिष्ठ अभियंता, आणि त्याच्या खुर्चीत बसून बघितलं तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्याला मोठी काळजी असते ती म्हणजे उद्या लेखापरीक्षकाने, वरिष्ठाने किंवा न्यायालयाने विचारलं की हे इथे का केलं, तर फायलीतला कुठला कागद दाखवायचा. चाळीस सह्यांनी लोकांची इच्छा कळते. त्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. किती वाहनं, किती माणसं ओलांडतात, कुठल्या वेळी, काय घडलं, कुठला निकष लागू होतो, हे त्याच्या फायलीत असेल तर तो 'हो' म्हणू शकतो. आपण ते दिलं नाही तर त्याने ते स्वतः गोळा करायचं, आणि एकेका अभियंत्याकडे असलेल्या रस्त्यांची संख्या पाहिली तर ते कधी होणार हे उघड आहे.

आता गतिरोधक. रस्त्यांचे तांत्रिक निकष इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. गतिरोधकाविषयीच्या मार्गदर्शक सूचना 'आयआरसी ९९' या क्रमांकाने ओळखल्या जातात. त्या १९८८ मध्ये आल्या आणि २०१८ मध्ये सुधारल्या गेल्या. त्यातल्या ठरावीक गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि वाहनाच्या जाण्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर असते. म्हणजे एक टेकाड, जे जवळजवळ दोन पावलांत चढायचं आणि तेवढ्याच अंतरात उतरायचं. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी त्यावरून गेली तर धक्का सुसह्य असतो, त्याहून वेगाने गेली तर चालकाला जाणवतो. सगळी करामत त्या ३.७ मीटरमध्ये आहे. आपल्या गल्ल्यांत प्रत्यक्षात काय बनतं? तीच उंची, कधी जास्तच, पण रुंदी हातभर. डांबराचा उभा वरंबा. त्याच्यावरून दहाच्या वेगाने गेलं तरी मागे बसलेल्या आजीच्या मणक्याला हिसका बसतो. गाडी जवळजवळ थांबवावी लागते, मग दुचाकीवाला कडेच्या फटीतून, गटाराच्या झाकणावरून गाडी काढतो. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचं काय होत असेल याचा विचारही करवत नाही. पावसात त्या वरंब्यामागे पाणी तुंबतं आणि तिथेच खड्डा पडायला लागतो.

गतिरोधक कुठे करावा हेही ठरलेलं आहे. मुळात ही सोय लहान रस्त्यांसाठी. छोटा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे छोट्या रस्त्यावर, किंवा वस्तीतल्या लांब सरळ रस्त्यावर वेग वाढतो तिथे. आधी ४० मीटरवर सूचना देणारी पाटी हवी, आणि गतिरोधकावर लांबून दिसतील असे काळे-पांढरे पट्टे हवेत. पाटी नसलेला, रंग उडालेला गतिरोधक रात्री जीव घेऊ शकतो. आमच्या अर्जात आम्ही मागितला होता तो बस जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, उताराच्या पायथ्याशी. उतारावरून येणाऱ्या दुचाकीसमोर अचानक टेकाड. नकाराच्या पत्रात दोनच ओळी होत्या: सदर रस्ता मुख्य असून सार्वजनिक बस वाहतुकीचा मार्ग असल्याने गतिरोधक अनुज्ञेय नाही.

तो अभियंता भेटला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला नेमका त्रास काय आहे?" आम्ही सांगितलं, शाळा सुटते तेव्हा मुलांना रस्ता ओलांडता येत नाही. मग तो आमच्याबरोबर शाळा सुटायच्या वेळी येऊन उभा राहिला. पाच मिनिटांत दिसलं की वेग हे अर्धंच कारण आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पालकांच्या गाड्या आणि रिक्षा लागलेल्या. त्यांच्या मधून सात वर्षांचं मूल बाहेर येतं तेव्हा त्याचं डोकं गाडीच्या बॉनेटएवढ्या उंचीवर असतं. समोरून येणाऱ्याला ते दिसत नाही आणि त्यालाही काही दिसत नाही. तिथे उपाय ठरला तो असा: फाटकाच्या दोन्ही बाजूंना काही अंतर नो पार्किंग, झेब्रा पट्टे फाटकापासून थोडे बाजूला, आणि दुभाजकात मुलांना थांबता येईल अशी जागा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघायची. यातलं पहिलं काम पोलिसांचं, उरलेली दोन महापालिकेची.

आम्ही अर्जात उपाय लिहिला होता, अडचण लिहिलीच नव्हती. उपाय लिहिला की अधिकाऱ्यापुढे हो किंवा नाही एवढेच दोन रस्ते उरतात, आणि निकषात बसत नसेल तर 'नाही' म्हणून फाइल बंद होते. अडचण लिहिली तर त्याला चार उपाय सुचू शकतात, आणि त्यातला एखादा आपल्याला माहीतही नसतो. उदाहरणार्थ उंचावलेलं क्रॉसिंग: झेब्रा पट्ट्याचा भाग पदपथाच्या पातळीला उचलायचा. गाडी हळू होते, चाकाची खुर्ची सरळ पलीकडे जाते, म्हाताऱ्या माणसाला उतरून चढावं लागत नाही. हे मागणारे अर्ज मी फार कमी पाहिले आहेत.

सिग्नलचंही तसंच, पण तिथे निकष आणखी कडक. वाहनांची संख्या दिवसातल्या एखाद्या गर्दीच्या तासात मोजून भागत नाही, आठ तासांची मोजावी लागते. पादचाऱ्यांच्या संख्येचा वेगळा निकष आहे. आणि एक अपघातांचा: बारा महिन्यांत पाच किंवा जास्त नोंदलेले अपघात. हा निकष वाचला तेव्हा मला खूप वेळ काही बोलता आलं नाही. पाच अपघात व्हायची वाट बघायची? तांत्रिक बाजू समजते, सिग्नल चुकीच्या जागी लावला तर मागून धडकण्याचे अपघात वाढतात. पण 'नोंदलेले' हा शब्द नीट वाचा. आपल्याकडे कोपऱ्यावर दोन गाड्या घासल्या, कुणाचा गुडघा फुटला, की रस्त्यावरच मिटवून टाकतात. 'जाऊ दे, कशाला पोलीस स्टेशनच्या चकरा.' तो अपघात कुठल्याही फायलीत जात नाही. वर्षभर त्या चौकात दर महिन्याला कुणीतरी पडत असलं तरी सरकारदरबारी तो चौक निर्धोक असतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की दुखापत झाली असेल तर नोंद करा, निदान तारीख, वेळ आणि जागा लिहून वाहतूक विभागाला पत्र द्या.

पार्किंगवर मात्र शांतपणे बोलणं अवघड, कारण इथे शेजारी शेजाऱ्याशी भांडतो. घरासमोरची रस्त्याची जागा आपली, असं आपल्यापैकी बहुतेकांना मनापासून वाटतं. तसा हक्क नाही. सार्वजनिक रस्त्यावर कुंड्या, दगड, मोडकी सायकल ठेवून जागा अडवणं हे अतिक्रमण आहे, मग आत राहणारा माणूस कितीही कर भरत असो. दुसरीकडे, तुमच्या फाटकासमोर कुणी गाडी लावून तुमची गाडी अडकवली तर तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमावलीप्रमाणे पदपथावर, झेब्रा पट्ट्यांवर, बसथांब्याजवळ, शाळा आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ गाडी लावायला मनाई आहे. यासाठी वेगळी पाटी असण्याचीही गरज नाही. बेवारस गाड्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ आहे: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेलं, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलता येतं किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावता येतो.

पुण्यातल्या पेठांमधून फिरलेल्या प्रत्येकाला पी-१ आणि पी-२ च्या पाट्या माहीत आहेत. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. गल्ली अरुंद असेल तर हा चांगला तोडगा आहे, कारण दोन्हीकडे गाड्या लागल्या की अग्निशमन दलाचा बंब आत येत नाही. यासाठी अर्ज वाहतूक शाखेकडे करायचा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला द्यायची. पोलीस पाहणी करतात, मग बहुतेक वेळा तात्पुरता आदेश निघतो आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात. कायद्यातही याला आधार आहे: कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर त्याची राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. हरकतींचा विचार करून अंतिम आदेश होतो. तुमची मागणी मान्य व्हावी असं वाटत असेल तर हरकतींच्या त्या दिवसांत गप्प बसू नका. बदल नको असलेले लोक पत्रं देतातच. हवा असलेले 'आता झालंच' म्हणून घरी बसतात, आणि अंतिम आदेश येतो तेव्हा आश्चर्य करतात.

सगळ्यात कठीण मागणी म्हणजे 'आमच्या भागात पार्किंगची सोय करा.' जमिनीचा हिशोब करून बघा. उघड्या वाहनतळात एका मोटारीसाठी, आत-बाहेर करायच्या वाटेसह, साधारण २३ चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे जवळजवळ २५० चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर पूर्वी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. एका उभ्या मोटारीला आपण जवळजवळ एका कुटुंबाएवढी जागा मागत असतो, आणि ती फुकट. मार्च २०१८ मध्ये पुण्याच्या मुख्य सभेने सशुल्क पार्किंगचं धोरण मंजूर केलं, सुरुवातीला पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं. रस्त्यावर मात्र ते वर्षानुवर्षं उतरलं नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा होता की आधी बस द्या, मग पैसे घ्या. मुद्दा खरा आहे. पण फुकट पार्किंगने भरलेल्या रस्त्यावर बस अडकते, आणि अडकलेली बस कुणालाच नको असते, हेही तितकंच खरं आहे. मी स्वतः पैसे देऊन गाडी लावायला तयार आहे, आणि ते मी आमच्या सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं आहे.

बसथांब्याकडे येऊ. इथे आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. थांबा म्हणजे बस थांबण्याची जागा. ती पीएमपीएमएल ठरवते, आणि वाहतुकीला अडथळा होण्यासारखा प्रश्न असेल तर पोलिसांचं मत घेते. शेड म्हणजे निवारा. ती महापालिकेच्या पदपथावर उभी राहते, आणि तिचा खर्च पुष्कळदा तिच्यावरच्या जाहिरातींतून निघतो. म्हणून जिथे जाहिरातीला भाव आहे तिथे चकचकीत शेड, आणि वस्तीच्या टोकाला, जिथे कष्टकरी बायका पहाटे साडेपाचला उभ्या असतात, तिथे नुसता खांब, कधी कधी तोही नाही. 'शेड द्या' आणि 'थांबा द्या' हे दोन अर्ज आहेत. एकात घातले की दोन्ही लटकतात.

आमचा थांबा एका चौकाच्या अलीकडे होता. एक दिवस तो दीडशे मीटर पुढे गेला. का गेला, कुणी सांगितलं नाही. दीडशे मीटर म्हणजे तरुण माणसाला दोन मिनिटं. पण मधे पदपथ तुटलेला, आणि चौक ओलांडायचा. दवाखान्यात जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायकांनी त्या महिन्यात बस सोडली आणि रिक्षा धरली. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, वीस रुपयांत होत होतं ते आता शंभराच्या वर जातंय." त्या कुठल्याही सभेत येत नाहीत. वाहतुकीच्या बैठकीला जे बोलतात ते बहुतेक गाडीवाले असतात, आणि थांब्यावर उभ्या राहणाऱ्याला त्या वेळी बस पकडायची असते.

आमच्या पहिल्या पत्रात 'थांबा पूर्ववत करावा' एवढंच होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी आम्ही तीन दिवस सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात थांब्यावर उभं राहून माणसं मोजली. किती चढली, किती उतरली, कुठल्या बसला, आणि चढणाऱ्यांना विचारलं की कुठून चालत आलात. मग लिहिलं: मार्ग क्रमांक, दिशा, वेळ, संख्या, आणि चौक ओलांडावा लागणाऱ्यांची संख्या वेगळी. त्याबरोबर एक हाताने काढलेला नकाशा. आगारातल्या अधिकाऱ्याने तो कागद नीट वाचला आणि कारण सांगितलं: जुन्या जागी गाड्या लागायच्या, बस कडेला घेता येत नव्हती, चालक रस्त्याच्या मधेच उभी करायचा. बारा मीटर लांबीची बस पदपथाला लागून उभी करायची तर तिच्या लांबीपेक्षा बरीच जास्त कड मोकळी लागते, कारण ती तिरकी आत येते आणि तिरकीच बाहेर पडते. मधे एक टेम्पो उभा असला तरी खेळ संपला. प्रवासी मग पदपथावरून रस्त्यात उतरतात आणि बस व पदपथाच्या फटीतून दुचाक्या सुसाट जातात.

म्हणजे थांब्याच्या प्रश्नाचं मूळ पार्किंगमध्ये होतं. वाहतूक शाखेने तिथे नो पार्किंगचा आदेश काढला, महापालिकेने पिवळे पट्टे मारले, आणि थांबा जुन्या जागी परत आला नाही तरी चौकाच्या योग्य बाजूला, आधीच्या जागेपासून तीस मीटरवर आला. तिघांनाही पत्र दिलं होतं, आणि प्रत्येक पत्रात उरलेल्या दोघांचे आवक क्रमांक लिहिले होते. मला वाटतं काम झालं ते या शेवटच्या गोष्टीमुळे. 'हा विषय आमचा नाही' असं म्हणायला कुणाला जागाच राहिली नाही.

नवा थांबा मागताना दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. शहरात दोन थांब्यांमध्ये साधारण चारशे-पाचशे मीटर अंतर असावं असा नियोजनाचा ढोबळ संकेत आहे. प्रत्येक सोसायटीसमोर थांबा दिला तर बस रिक्षासारखी थांबत जाईल आणि लांबून येणाऱ्याचा प्रवास लांबेल. ज्याला हडपसरहून कोथरूडला जायचं आहे त्याची दहा मिनिटंही कुणीतरी धरली पाहिजेत.

पैशाचं वेळापत्रक हा एक भाग, जो आपल्याला कुणी शिकवत नाही. महापालिकेचं वर्ष एप्रिल ते मार्च. अंदाजपत्रकाची तयारी पावसाळ्यानंतर जोरात असते आणि वर्ष सुरू होण्याआधी मंजुरी. त्यामुळे फेब्रुवारीत दिलेल्या मोठ्या कामाच्या अर्जाला चालू वर्षात तरतूद मिळणं जवळजवळ अशक्य, आणि पुढच्या वर्षाची गाडीही सुटलेली. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे: ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरून आपल्या प्रभागातली लहान कामं सुचवता येतात. एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा राहिलेली आहे. पदपथाची दुरुस्ती, बसथांबा, दिवा अशा कामांसाठी ही उत्तम वाट आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात.

नगरसेवक हवेतच. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या त्या याचसाठी, की गल्लीचा प्रश्न गल्लीजवळ सुटावा. पुण्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात अर्ज कुणाकडे घेऊन जायचं हेच लोकांना कळेना. त्याच वर्षांत मला हे सगळे कागद स्वतः वाचायला लागले.

उत्तरच आलं नाही तर? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. त्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. राज्य सरकारचं 'आपले सरकार' तक्रार पोर्टल २०१५ पासून आहे. आणि माहितीचा अधिकार, २००५ चा, तीस दिवसांत उत्तर. पण त्यात 'माझं काम का झालं नाही' असं विचारलं तर 'माहिती स्पष्ट नाही' असं उत्तर मिळू शकतं. कागद मागा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील स्थळ पाहणी अहवालाची प्रत, वाहतूक शाखेच्या अभिप्रायाची प्रत, टिपणीची प्रत. त्या फायलीच्या पानांवर कारण लिहिलेलं असतंच.

फिरत राहिलेल्या माझ्या पार्किंगच्या अर्जाचं कारण मला असंच सापडलं. आमच्या गल्लीत पी-१, पी-२ करा म्हणून आम्ही तीनदा लिहिलं होतं. पोलीस म्हणत, महापालिकेने रस्त्याची माहिती दिली नाही. महापालिका म्हणे, पोलिसांकडून अभिप्राय नाही. टिपणीच्या प्रतीत तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं की गल्लीचा पुढचा निम्मा भाग मूळ बांधकाम आराखड्यातला अंतर्गत रस्ता असून अद्याप महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नाही. वीस वर्षं आम्ही ज्याला सार्वजनिक रस्ता समजत होतो, तो अर्धा आमचाच होता. त्यावर कुणी आदेश काढू शकत नव्हतं आणि ते आम्हाला तोंडी कुणी सांगितलंही नव्हतं.

आता त्या अर्जाचे दोन अर्ज केले आहेत. मागच्या निम्म्या भागासाठी वाहतूक शाखेला, सम-विषम पार्किंगसाठी. सोबत गल्लीची रुंदी तीन ठिकाणी मोजून, आणि बंब अडकला होता त्या रात्रीची तारीख घालून. पुढच्या निम्म्यासाठी चार सोसायट्यांनी मिळून हस्तांतरणाचा प्रस्ताव दिला आहे. त्यातल्या एका सोसायटीचा ठराव अजून यायचा आहे. येत्या रविवारी त्यांची सभा आहे, सकाळी दहाला, आणि मी नकाशा घेऊन जाणार आहे.